हिरव्या नंबरप्लेटचा अधिकार कोणत्या वाहनाला?

शहरांतील रस्त्यांवर हिरव्या नंबरप्लेटची वाहने आता नवलाची राहिलेली नाहीत. मोटारी, दुचाकी, रिक्षा आणि सार्वजनिक बस असे सर्वच प्रकार या रंगात दिसू लागले आहेत. मात्र ही पाटी नेमकी कोणत्या वाहनाला मिळते, कोणाला मिळत नाही आणि कोणाला तिची गरजच नाही, याविषयी वाहनधारकांत अद्याप बराच संभ्रम आहे. हायब्रीड मोटार घेणारे आपल्यालाही हिरवी पाटी मिळेल असे गृहीत धरतात. दुसरीकडे, ‘परवाना नको, पासिंग नको’ या जाहिरातीवर विसंबून घेतलेली स्कूटर कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते, हे अनेकांच्या ध्यानीमनी नसते.

या प्रश्नांची उत्तरे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेत. हिरवी पाटी ही मालकाने अर्ज करून मिळवायची सवलत नाही, तसेच पसंतीच्या क्रमांकाप्रमाणे शुल्क भरून घ्यायची वस्तूही नाही. वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात इंधनाच्या रकान्यात काय लिहिले आहे, त्यावरून पाटीचा रंग ठरतो. त्यामुळे पात्रतेचा विचार पाटीपासून नव्हे, तर त्या नोंदीपासून करावा लागतो.

२०१८ ची अधिसूचना

भारतात इलेक्ट्रिक मोटारीचा इतिहास तसा जुना आहे. बंगळुरूमध्ये तयार झालेली ‘रेवा’ ही छोटी मोटार २००१ मध्ये बाजारात आली होती. तथापि, त्या काळी अशा मोटारीला वेगळी ओळख नव्हती. खासगी मोटार म्हटली की पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे, हाच नियम होता.

केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाने ७ ऑगस्ट २०१८ रोजी अधिसूचना काढून हे चित्र बदलले. बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांचा नोंदणी क्रमांक हिरव्या पार्श्वभूमीवर लिहिला जावा, वाहतूक वर्गातील म्हणजे व्यावसायिक वाहनांसाठी अक्षरे पिवळी असावीत आणि इतर सर्व वाहनांसाठी ती पांढरी असावीत, अशी तरतूद तिच्याद्वारे करण्यात आली. पार्किंग, टोल आणि गर्दीच्या भागातील प्रवेश यांबाबत सवलती द्यायच्या झाल्यास वाहन लांबून ओळखता यावे, हा त्यामागील हेतू सांगण्यात आला होता.

रंगांचा तक्ता यामुळे काहीसा लांबला आहे. खासगी पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी वाहनांना पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे, व्यावसायिक वाहनांना पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे आणि भाड्याने स्वतः चालवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मोटारींना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे, अशी विभागणी आहे. जुलै २०२० मधील अधिसूचनेने तात्पुरत्या नोंदणीच्या वाहनांसाठी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरे, तर विक्रेत्यांच्या ताब्यातील वाहनांसाठी लाल पाटीवर पांढरी अक्षरे हे रंग स्पष्ट केले.

व्याख्येतील कळीचा शब्द

पात्रतेचा सारा भार ‘बॅटरीवर चालणारे वाहन’ या व्याख्येवर आहे. नियम २ मधील पोटकलम ‘यू’ नुसार, जे वाहन केवळ इलेक्ट्रिक मोटरच्या शक्तीवर चालते आणि ज्या मोटरला लागणारी ऊर्जा केवळ वाहनात बसवलेल्या बॅटरीतूनच पुरवली जाते, ते बॅटरीवर चालणारे वाहन होय. या वाक्यात ‘केवळ’ हा शब्द दोनदा येतो आणि दोन्ही ठिकाणी तो निर्णायक आहे. मोटरच्या जोडीला इंजिन असले, तर पहिली अट मोडते. मोटर इलेक्ट्रिक असली, परंतु तिला वीज बॅटरीखेरीज अन्य स्रोतातून मिळत असली, तर दुसरी अट मोडते.

बॅटरी बदलून घेण्याच्या पद्धतीने या व्याख्येला बाधा येत नाही. मंत्रालयाने १२ ऑगस्ट २०२० रोजी राज्यांना दिलेल्या सूचनेनुसार, चाचणी संस्थेने दिलेल्या मान्यता प्रमाणपत्राच्या आधारे बॅटरी न बसवलेल्या दुचाकी आणि तीनचाकी इलेक्ट्रिक वाहनांचीही विक्री व नोंदणी करता येते. नोंदणीच्या वेळी बॅटरीचा उत्पादक किंवा प्रकार नमूद करण्याची आवश्यकता नाही. वाहनाचा नमुना आणि बॅटरी या दोहोंना मान्यता असणे मात्र बंधनकारक आहे.

कोण अपात्र?

हायब्रीड मोटारींचा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. या मोटारीत इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असतात. शहरातील संथ वाहतुकीत ती काही अंतर निव्वळ विजेवर धावते, इंधनही कमी लागते. तरीही तिच्या टाकीत पेट्रोल भरावे लागते आणि म्हणून तिला पांढरी पाटीच मिळते. घरच्या घरी चार्ज करता येणारी ‘प्लग-इन हायब्रीड’ मोटारही याच कारणाने वगळली जाते. विजेवर किती किलोमीटर धावते, या गोष्टीला भारतीय नियमात स्थान नाही.

हायब्रीडला कोणतीच सवलत नाही, असा याचा अर्थ नव्हे. मे २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात इलेक्ट्रिक वाहनांना १५ टक्के, तर हायब्रीड वाहनांना साडेसात टक्के सूट ठरवण्यात आली. सवलतीच्या पायऱ्या वेगवेगळ्या असू शकतात. हिरव्या पाटीला मात्र मधली पायरी नाही.

सीएनजी, इथेनॉल किंवा अन्य स्वच्छ इंधनावरील वाहने हिरव्या पाटीच्या कक्षेत येत नाहीत. हायड्रोजनवर वीज तयार करून धावणाऱ्या वाहनांचा प्रश्न काहीसा वेगळा आहे. त्यांची चाके इलेक्ट्रिक मोटर फिरवते, परंतु वीज बॅटरीतून नव्हे तर फ्युएल सेलमधून येते. या वाहनांना स्वतंत्र ओळख देण्यासाठी वरचा अर्धा भाग हिरवा आणि खालचा अर्धा भाग निळा अशी दुरंगी पाटी मंत्रालयाने जून २०२५ मधील मसुदा अधिसूचनेत प्रस्तावित केली होती.

ज्या दुचाकीला पाटीच नको

खरा गोंधळ, आणि खरा धोकाही, कमी वेगाच्या दुचाकींबाबत आहे. वर उल्लेखिलेल्या व्याख्येलाच एक परंतुक जोडलेले आहे. काही अटी पूर्ण करणारी बॅटरीवरील दुचाकी ‘मोटार वाहन’ मानली जात नाही. साहजिकच तिला नोंदणी, नंबरप्लेट, चालकाचा परवाना आणि तृतीय पक्ष विमा यांपैकी काहीही सक्तीचे राहत नाही. या अटी अशा :

– मोटरची सलग तीस मिनिटे देता येणारी शक्ती २५० वॉटपेक्षा कमी असावी.
– वाहनाचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा.
– बॅटरी वगळून वाहनाचे वजन ६० किलोपेक्षा अधिक नसावे.
– योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक असावा.
– या साऱ्या बाबींची मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून पडताळणी झालेली असावी.

पायडल मारून चालवण्याच्या इलेक्ट्रिक सायकलींसाठीही शक्तीची मर्यादा हीच आहे. शिवाय वेग ताशी २५ किलोमीटरवर पोहोचताच, किंवा त्याआधी सायकलस्वाराने पायडल मारणे थांबवताच, मोटरचे साहाय्य बंद झाले पाहिजे, अशी अट आहे.

या सर्व अटी एकत्रितपणे पूर्ण व्हाव्या लागतात. मोटर २४० वॉटची, पण वेग ताशी ४० किलोमीटर, असे असेल तर सूट लागू होत नाही. वेग मर्यादेत असला, परंतु मोटर अधिक शक्तीची असली, तरीही तीच स्थिती. शेवटची अट अनेकदा दुर्लक्षिली जाते. विक्रेत्याने बिलावर ‘२५० वॉट’ लिहून दिले म्हणजे पडताळणी झाली, असे नाही. केंद्रीय नियमांच्या नियम १२६ मध्ये चाचणी संस्थांची नावे दिलेली आहेत. पुण्यातील ‘एआरएआय’ आणि ‘सीआयआरटी’, अहिल्यानगर येथील संरक्षण खात्याची ‘व्हीआरडीई’, हरियाणातील मानेसर येथील ‘आयकॅट’ या त्यांपैकी काही प्रमुख संस्था होत. अशा संस्थेचे प्रमाणपत्र त्या विशिष्ट मॉडेलसाठी आहे की नाही, हे ग्राहकाने पाहायला हवे.

ही सूट दुचाकीपुरतीच आहे. ई-रिक्षाचा कमाल वेगही ताशी २५ किलोमीटरच आहे. तिला ४००० वॉटपर्यंतची मोटर बसवता येते आणि तिच्यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने स्वतंत्र कलम ‘२ ए’ समाविष्ट झाले. ती मोटार वाहनच आहे. तिला नोंदणी लागते, चालकाला परवाना लागतो आणि तिची पाटी हिरवी, अक्षरे पिवळी असतात.

फेरफार केल्यास

सूट मिळालेल्या स्कूटरची मोटर बदलून किंवा वेगाची मर्यादा काढून टाकून ती विकण्याचे प्रकार राज्यात यापूर्वी उघडकीस आले आहेत. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने अशा वाहनांची आणि विक्रेत्यांची तपासणी करण्याचे आदेश प्रादेशिक परिवहन कार्यालयांना दिले होते.

फेरफार झालेल्या क्षणी ती स्कूटर कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरते. मग ती चालवणारी व्यक्ती एकाच वेळी अनेक तरतुदींचा भंग करत असते. विनानोंदणी वाहन चालवल्याबद्दल कलम १९२ नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी दोन हजार ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पुन्हा तसेच घडल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. विमा नसल्याबद्दल कलम १९६ लागू होते आणि परवाना नसल्यास कलम १८१.

या स्कूटर प्रामुख्याने शाळकरी मुलांसाठी आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी घेतल्या जातात, ही यातील गंभीर बाब आहे. चालवणारा अल्पवयीन असेल आणि वाहन मोटार वाहन ठरले, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ‘१९९ ए’ पालकांपर्यंत पोहोचते. त्यात पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

दंडापेक्षाही मोठी जोखीम अपघाताची आहे. नोंदणीकृत वाहनाने कोणाला इजा झाल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई सर्वसाधारणपणे विमा कंपनी देते. विमाच नसलेल्या वाहनाच्या बाबतीत तो भार थेट मालकावर येतो. नंबरप्लेटचा खर्च आणि कटकट वाचवण्याच्या मोहात हे उत्तरदायित्व अंगावर घेतले जाते.

पांढरी अक्षरे आणि पिवळी अक्षरे

हिरव्या पाटीवरील अक्षरांचा रंग वाहनाचा वापर सांगतो. पांढरी अक्षरे असलेले वाहन खासगी वापराचे असते. त्यातून भाडे घेऊन प्रवासी किंवा माल नेता येत नाही. पिवळी अक्षरे वाहतूक वर्गाची निदर्शक आहेत.

केंद्र सरकारने १८ ऑक्टोबर २०१८ रोजी बॅटरीवरील तसेच इथेनॉल व मिथेनॉलवरील वाहतूक वाहनांना कलम ६६ खालील परमिटच्या आवश्यकतेतून सूट दिली. यावरून इलेक्ट्रिक वाहन भाड्याने चालवण्यास काहीच लागत नाही, असा समज पसरला. तो बरोबर नाही. परमिटची सूट मिळाली, तरी वाहतूक वर्गात नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र, त्या वर्गाचा विमा आणि चालकाची अर्हता या अटी कायम राहतात. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ई-बाइक टॅक्सीला मान्यता दिल्यानंतर हा भेद अधिक महत्त्वाचा झाला आहे. पांढऱ्या अक्षरांची स्वतःची स्कूटर प्रवासी वाहतुकीस वापरल्यास अपघाताच्या वेळी विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

जुन्या वाहनाचे रूपांतर

पेट्रोल किंवा डिझेलवरील जुन्या वाहनात इलेक्ट्रिक संच बसवून ते पूर्णतः विजेवर चालवण्याची मुभा जून २०१६ मधील दुरुस्तीने मिळाली. अशा वाहनालाही हिरवी पाटी मिळू शकते, मात्र त्यासाठी क्रम पाळावा लागतो. बसवण्यात येणाऱ्या संचाला चाचणी संस्थेची मान्यता असावी लागते. संच उत्पादकाने प्राधिकृत केलेल्या केंद्रातच तो बसवावा लागतो. त्यानंतर कायद्याच्या कलम ५२ नुसार बदलाची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. नोंदणी प्रमाणपत्रातील इंधनाची नोंद बदलली की पाटीचा रंग बदलतो. गॅरेजमध्ये परस्पर मोटर बसवून आणि हिरवी पाटी रंगवून घेतलेले वाहन या तरतुदीत बसत नाही. केवळ हायब्रीड संच बसवलेल्या वाहनाचे इंजिन कायम राहत असल्याने तेही अपात्रच ठरते.

सवलत पाटीवर की नोंदीवर?

राज्याच्या विद्युत वाहन धोरण २०२५ नुसार मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे इलेक्ट्रिक मोटारी आणि बस यांना टोलमाफी देण्याचा निर्णय झाला. अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली. मालवाहू वाहने तीत समाविष्ट नाहीत, म्हणजे हिरवी पाटी असूनही प्रत्येक वाहन टोलमाफीस पात्र ठरते असे नाही. तसेच राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांना राज्याची ही सूट आपोआप लागू होत नाही.

टोलनाक्यावरील यंत्रणा पाटीचा रंग पाहत नाही, ती फास्टॅग वाचते. फास्टॅग ज्या नोंदणी क्रमांकाशी जोडलेला आहे, त्या क्रमांकाची ‘वाहन’ या संगणक प्रणालीतील नोंद ग्राह्य धरली जाते. फास्टॅग चेसिस क्रमांकावर घेतलेला असेल आणि नंतर नोंदणी क्रमांकाशी जोडला गेला नसेल, तर पाटी हिरवी असूनही टोल कापला जाऊ शकतो. नोंदणी प्रमाणपत्र देण्याच्या व नूतनीकरणाच्या शुल्कातून २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने मिळालेली सूटही अशीच नोंदीवर अवलंबून आहे.

पाटी कोण बसवणार?

१ एप्रिल २०१९ नंतर विकल्या गेलेल्या प्रत्येक नव्या वाहनाला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी म्हणजे ‘एचएसआरपी’ बंधनकारक आहे आणि ती विक्रेत्यामार्फत बसवली जाते. हिरवी पाटी याला अपवाद नाही. अॅल्युमिनियमच्या या पाटीवर अशोकचक्राचा क्रोमियम होलोग्राम, लेझरने कोरलेला कायमस्वरूपी ओळख क्रमांक आणि ‘इंड’ ही अक्षरे असतात. ती न निघणाऱ्या खटक्यांनी बसवली जाते. मोटारीसाठी पाटीचा आकार ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २०० मिलिमीटर ठरलेला आहे.

रस्त्याकडेच्या दुकानातून हिरवा पत्रा किंवा स्टिकर लावून घेणे हा नियमभंग आहे. पात्र वाहनाच्या बाबतीतही तो नियमभंगच ठरतो. नंबरप्लेटविषयक नियम मोडल्यास कलम १७७ नुसार पहिल्या वेळी ५०० आणि पुढे १५०० रुपयांपर्यंत दंड होतो. पात्र नसलेल्या वाहनाला हिरवा रंग देऊन सवलत घेतल्यास प्रकरण फसवणुकीपर्यंत जाऊ शकते.

अन्य देशांतील पद्धत

वेगळ्या पाटीची कल्पना भारताची एकट्याची नाही, मात्र पात्रतेची रेषा प्रत्येक देशाने वेगळ्या ठिकाणी ओढली आहे. ब्रिटनने डिसेंबर २०२० पासून पाटीच्या डाव्या कडेला हिरवा पट्टा सुरू केला. तो धुराड्यातून काहीही उत्सर्जन न करणाऱ्या वाहनांनाच मिळतो. जर्मनीत २०१५ च्या कायद्याने क्रमांकाच्या शेवटी ‘ई’ अक्षर लावण्याची सोय झाली. ठरावीक अंतर विजेवर कापू शकणारी किंवा कार्बन उत्सर्जन प्रतिकिलोमीटर ५० ग्रॅमपेक्षा अधिक नसणारी प्लग-इन हायब्रीड मोटारही तेथे पात्र ठरते. चीननेही २०१६ च्या अखेरीस पाच शहरांत सुरू केलेल्या हिरव्या पाटीत प्लग-इन हायब्रीडला सामावून घेतले. भारताचा नियम या तुलनेत ब्रिटनच्या कठोर पद्धतीला जवळचा आहे.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

मोटार असो वा दुचाकी, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा कागद महत्त्वाचा. नोंदणीकृत वाहनाच्या प्रमाणपत्रात इंधनाच्या रकान्यात ‘इलेक्ट्रिक (बीओव्ही)’ किंवा ‘प्युअर ईव्ही’ अशी नोंद आहे का, वर्ग खासगी आहे की वाहतूक, आणि पाटीवरील अक्षरांचा रंग त्याच्याशी जुळतो का, हे तपासावे. जुने वाहन घेताना ही नोंद ‘एमपरिवहन’ अॅपवर पडताळता येते. नोंदणीची गरज नाही असे सांगून विकल्या जाणाऱ्या दुचाकीच्या बाबतीत चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी आणि त्यावरील मॉडेलचे नाव, मोटरची शक्ती व वेग ताडून पाहावा. वेग वाढवून देण्याची तयारी विक्रेता दाखवत असेल, तर ते वाहन घेऊ नये.

हिरवी पाटी असलेल्या वाहनामागे नोंदणी, विमा आणि मालकाचे नाव असते. रस्त्यावर त्या वाहनाने धडक दिलेल्या माणसाला दाद मागायची झाल्यास सुरुवात त्या क्रमांकापासूनच होते. पाटी टाळून मिळणारी सोय तपासताना ग्राहकाने ही बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे.